घाटकोपरहून करून आणलेला बायोडाटा

स्वतःच्या हाताने एकही काम न करता माणूस किती कामं बिघडवू शकतो, हे ज्याला बघायचं असेल त्याने माझे थोरले दीर बघायला हवे होते. मी त्यांना भावोजी म्हणायचे आणि माझं ऐकून ऐकून अख्खी बिल्डिंग त्यांना भावोजी म्हणायला लागली होती. मुलुंडला आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात मी, हे, आमची लेक आणि भावोजी. ते औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. आळशी म्हणाल तर मुळीच नव्हते. कारखान्यात ढोरासारखे राबायचे. पण त्यांचा एक सिद्धांत होता. जगातल्या प्रत्येक कामासाठी देवाने एकेक माणूस नेमून ठेवलाय आणि ते काम दुसऱ्या कुणी केलं की सगळा घोटाळा होतो. ह्या नेमलेल्या माणसाला ते 'प्रोफेशनल' म्हणायचे. हा शब्द त्यांनी कुठून उचलला होता कोण जाणे, पण तो उच्चारताना ते आपोआप ताठ बसायचे.

भिंतीवर कॅलेंडर टांगायला खिळा ठोकायचाय? सुतार बोलवा. मी वरवंट्याने दोन घाव घालून खिळा ठोकून मोकळी व्हायचे, तर संध्याकाळी घरी आल्यावर त्या खिळ्याकडे ते असे बघायचे की मी भिंतच पाडलीय. मासे मुलुंडच्या बाजारात मिळत नव्हते का? ढिगाने मिळायचे. पण भावोजी रविवारी दोन बसगाड्या बदलून वर्सोव्याला जाणार, कारण मासा कोळ्यांकडूनच घ्यायचा. बरं, तिथे जाऊन तरी स्वतः निवडावा? छे! एका कोळणीपुढे उभं राहून दुसऱ्या कोळणीला विचारायचे, 'मावशी, हिच्याकडचं कुठलं पापलेट घेऊ?' त्यावर त्या दोघींची जी जुंपायची ती भावोजी बसमध्ये चढेपर्यंत ऐकू यायची. आणि मुलुंडला पोचेपर्यंत माशाची काय दशा व्हायची ते माझ्या नाकाला विचारा. 'वर्सोव्याचा आहे, त्याला असाच वास असतो,' म्हणून वर मलाच शिकवायचे.

गावाला सासूबाई एकट्या असायच्या. भावोजी मॅट्रिक झालेले, अक्षर मोत्यासारखं. पण आईला पत्र लिहायचं तर पोस्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडे. 'पत्र लिहिणं हे त्यांचं काम आहे, आपण कशाला मध्ये लुडबुड करायची?' सासूबाईंना वाचता येत नव्हतं, त्यामुळे गावचा पोस्टमन त्यांना पत्र वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच लिहायचा. म्हणजे मुलुंडचा एक लेखनिक आणि सावंतवाडीकडचा एक पोस्टमन वर्षानुवर्षं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत होते आणि आई नि मुलगा दोघंही खूश होते. लग्नाचंही तेच. लग्न जमवणं हे मध्यस्थाचं काम म्हणून भावोजींनी ऐन पंचविशीत एका मध्यस्थाला काम सोपवलं. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात कळवतो. भावोजींचे केस पिकले तरी त्यांनी त्या माणसाला कधी आठवण केली नाही, कारण प्रोफेशनल माणसाच्या मागे तगादा लावायचा नसतो.

हे सगळं मी एक वेळ हसून सोडलं असतं. पण प्रोफेशनल माणसाची चूक होऊच शकत नाही हे जे त्यांच्या डोक्यात बसलं होतं, त्याने माझं डोकं फिरायचं. शिंप्याने एकदा त्यांच्या शर्टाची डावी बाही आखूड शिवली. दुसरा कुणी असता तर शर्ट त्याच्या तोंडावर फेकून आला असता. भावोजी तो शर्ट घालून डावा हात कोपरात वाकवून चालायला लागले. मी म्हटलं, 'अहो, बाही आखूड आहे ती.' तर म्हणाले, 'माप त्याने घेतलं का तू? माझाच हात लांब असेल.' कपाळ माझं!

तर असा हा माणूस, आणि त्याच्या हातात माझी नोकरी पडली. ते गिरण्यांच्या संपाचे दिवस होते. ह्यांची गिरणी बंद पडून कितीतरी महिने झाले होते आणि ती पुन्हा सुरू होईल असं आता कुणी म्हणतही नव्हतं. हे सकाळी उठून गॅलरीत जाऊन बसायचे ते जेवायला हाक मारीपर्यंत. एरवी बडबड्या माणूस, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. घर चालायचं भावोजींच्या पगारावर, आणि तो चार तोंडांना पुरत नव्हता. एक दिवस हे म्हणाले, 'दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर खोली सोडून गावाला जाऊ.' लेक नुकतीच शाळेत जायला लागली होती. गावाला गेलो असतो तर परत मुंबईचं तोंड बघितलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी लग्नाआधी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि एका शाळेच्या ऑफिसात वर्षभर बदलीवर कामही केलं होतं. भांडुपला रंगाच्या एका कारखान्यात टायपिस्ट बाई हवी असल्याचं कळलं. म्हटलं, आपण अर्ज करायचा.

झालं! भावोजींनी ऐकलं आणि ताठ बसले. 'बायोडाटा लागेल. आपल्याला नाही जमायचं ते. घाटकोपरला एक प्रोफेशनल आहे.'

'अहो भावोजी, मी स्वतः टायपिस्ट आहे! माझा बायोडाटा मी टाइप करीन ना!'

'डॉक्टर स्वतःचं ऑपरेशन करतो काय गं?'

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गॅलरीतून बाहेर बघत होते. शेवटी मुकाट्याने भावोजींच्या मागून घाटकोपरला गेले. एका फरसाणाच्या दुकानावर पोटमाळा, तिथे लाकडी शिडीने चढून जायचं. वर पंखा, इलेक्ट्रिक टाइपरायटर आणि त्याच्यामागे सफारी घातलेला एक गृहस्थ. खाली शेव-गाठी तळत होते, त्याचा धूर सरळ वर. सफारीवाल्याने मला नाव, पत्ता आणि उंची विचारली. उंची कशाला, असं मी विचारणार होते, पण भावोजींनी डोळ्यांनी दटावलं. मी सांगायला लागले, 'टायपिंगची परीक्षा, शाळेत वर्षभर...' तर त्याने हात वर केला. 'मॅडम, ते आमच्यावर सोडा. रोज आमच्याकडची पोरं सिलेक्ट होतात.' भावोजींनी खिशातून पाकीट काढलं. त्यांनी जी फी मोजली ती बघून मला रडूच आलं, कारण तेवढ्यात आमचं महिन्याचं वाणसामान आलं असतं.

चार-पाच दिवसांनी भावोजी परस्पर घाटकोपरला गेले, पाकीट घेतलं आणि परस्पर भांडुपच्या ऑफिसात देऊन आले. सीलबंद पाकीट! उघडून बघायचं त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. घरी येऊन मला फक्त कार्बनची प्रत दिली. मी ती उभ्या उभ्या वाचायला घेतली आणि खालीच बसले. वर नाव माझं, पत्ता आमचा, आणि त्याखाली जो कोण होता तो मी नव्हते. त्या माणसाला पाइपलाइनच्या वेल्डिंगचा दांडगा अनुभव होता. त्याच्याकडे पासपोर्ट होता. अवजड वाहन चालवायचं लायसन होतं. तो कडक उन्हात आणि वाळवंटात काम करायला राजी होता, स्वतःची हत्यारं घेऊन येणार होता आणि कुटुंबापासून दोन वर्षं लांब राहायला त्याची काही हरकत नव्हती. टायपिंगच्या परीक्षेचा कुठे पत्ता नाही. शाळेचं नाव नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा जो तो पोरगा आखातात जायला निघाला होता. सफारीवाल्याचं सगळं गिऱ्हाईक तेच. त्याने एक मजकूर तयार करून ठेवला होता आणि त्याच्यावर नावं बदलून तो सगळ्यांना तोच विकत होता. रंगाच्या कारखान्यात टायपिस्ट व्हायला निघालेली मी पहिलीच असणार!

ह्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, वाचला आणि परत दिला. 'दोन वर्षं लांब राहायला हरकत नाही? जा मग,' एवढंच बोलले आणि गॅलरीत गेले. ते थट्टेत बोलले असं मी मनाला समजावलं, पण तसा आवाज नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी मी भावोजींना ओढत घाटकोपरला नेलं. सफारीवाला बिलकूल डगमगला नाही. म्हणाला, 'मॅडम, हा इंटरनॅशनल नमुना आहे. लोकल माणसाला पटकन समजत नाही.' आणि भावोजी! माझे सख्खे दीर! त्याच्याकडे बघून मान डोलवत होते. शिडी उतरताना मी खाली फरसाण घेणाऱ्या बायांची पर्वा न करता ओरडले, 'अहो, मला वेल्डिंग येत नाही!' त्यावर ते शांतपणे म्हणाले, 'त्याने लिहिलंय म्हणजे काहीतरी विचार केला असेल. येत नाही तर शिकून घे.'

मला वाटलं बोलण्याच्या भरात बोलले. कसलं काय! रविवारी संध्याकाळी दहिसरचा एक ग्रिलवाला वेल्डिंगचं मशीन टेम्पोत घालून आमच्या बिल्डिंगच्या आवारात हजर. भावोजींनी त्याला शिकवणीला नेमला होता. तो बिचारा मला म्हणाला, 'ताई, साहेब बोलले इंटरव्ह्यूच्या आधी शिकवून टाक. मला शिकायला चार वर्षं लागली.' मी त्याला चहा देऊन वाटेला लावणार होते, पण भावोजींनी तेवढ्यात माझ्या हातात तो लोखंडी मुखवटा दिला, त्याने मशीन जोडलं, एकदा ढण्णकन ठिणग्या उडाल्या आणि आख्ख्या बिल्डिंगचे दिवे गेले. रविवारचा टीव्हीवरचा सिनेमा चालू होता हो! हिरो-हिरॉइनची नुकतीच चुकामूक झाली होती. तिन्ही मजल्यांवरून माणसं गॅलरीत आली. 'कोण आहे रे तो?' 'वाट लावली यार सिनेमाची!' सेक्रेटरी बनियनवर, हातात बॅटरी घेऊन खाली आले. त्यांनी बॅटरीचा झोत टाकला तर समोर मी, नऊवारीसारखी खोचलेली साडी आणि तोंडावर लोखंडी मुखवटा. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. तेवढ्यात वरून कुणीतरी खदखदून हसल्याचा आवाज आला. हे हसत होते! गॅलरीच्या कठड्याला धरून, डोळ्यातलं पाणी पुसत. संप सुरू झाल्यापासून त्यांना मी हसताना पाहिलं नव्हतं. भावोजींवर काढायला जी शिवी जिभेवर आली होती ती मी तशीच गिळली.

मुलाखतीचं बोलावणं आलं. का आलं ते मला तिथे गेल्यावर कळलं. सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले मॅनेजर समोर माझा कागद ठेवून बसले होते, आणि आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं कामं सोडून माझ्याकडे बघत होती. मॅनेजर म्हणाले, 'बाई, तुम्हाला वाळवंट चालतं, मग भांडुपची हवा मानवेल ना?' एकजण फाइलीमागे खुसखुसला. 'आणि स्वतःची हत्यारं आणलीत का?'

माझा पाराच चढला. म्हटलं, नोकरी तर गेलीच, निदान खरं बोलून जाऊ. 'साहेब, ह्या कागदात नाव आणि पत्ता सोडला तर एक अक्षर माझं नाही. हे पैसे देऊन करून घेतलंय, आणि ज्याने केलं त्याला आखाताच्या पलीकडे काही दिसत नाही. मला वेल्डिंग येत नाही, मला टायपिंग येतं. माझ्या नवऱ्याची गिरणी बंद आहे. मला नोकरी पाहिजे. तुमच्याकडे मशीन असेल तर द्या, नसेल तर मी निघते.'

मॅनेजरनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. म्हणाले, 'बसा. तुमचा खरा बायोडाटा टाइप करून द्या.' मी बसले. पहिल्याच ओळीला एका अक्षराची काडी वर गेली ती खाली येईना. मी केसातली पिन काढली, काडी सोडवली, पिन परत केसात खोचली आणि पुढे लागले. अर्धं पानसुद्धा भरलं नाही माझं आयुष्य. कागद नेऊन दिला. त्यांनी तो वाचला, माझ्या केसांकडे बघितलं आणि म्हणाले, 'म्हणजे हत्यारं आणली होतीत तर. एक तारखेपासून या.'

घरी येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं हे खूश होतील. झालेही. पण 'बरं झालं' म्हणून परत गॅलरीत गेले. आणि भावोजी? भावोजी त्याच पावली खाली गेले, पेढे घेऊन आले आणि मजल्यामजल्यावर वाटत सुटले. 'बघितलंत? घाटकोपरचा कागद! प्रोफेशनल माणसाने केलेला कागद! साहेबाने वाचल्याबरोबर ऑर्डर काढली!' सेक्रेटरींना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, ज्याचा सिनेमा बुडाला होता त्या प्रत्येकाला दारात जाऊन सांगितलं. मी आतून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. एवढंच नाही, बिल्डिंगमधली दोन पोरं त्या सफारीवाल्याकडे पैसे घेऊन पळाली! मी कामाला लागले तरी भावोजींची टकळी चालूच. मी सकाळी डबा घेऊन निघाले की खाली कुणीतरी हटकून म्हणायचं, 'काय वहिनी, कागदाची कमाल ना?' मी दात ओठ खाऊन हसायचे.

पहिला पगार झाला त्या रविवारी भावोजी बाजाराला निघाले होते. मी पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर गेले आणि भाजी घेऊन परत येताना रस्त्यातच त्यांना गाठलं. म्हटलं, 'आज सोक्षमोक्ष लावायचा. ही नोकरी त्या फालतू कागदामुळे मिळाली की माझ्यामुळे? त्या कागदापायी सगळं ऑफिस मला हसलं, भावोजी! मी मशीनवर बसून दाखवलं तेव्हा नोकरी मिळाली. तुम्हाला हे दहा वेळा सांगितलं, तरी तुम्ही त्या सफारीवाल्याची आरती करत फिरताय. माझं कौतुक करायला तुमची जीभ झडते का?'

थोरल्या दिराशी असं कुणी बोलतं का? पण बोलून बसले. मला वाटलं आता 'तुला काय कळतं त्यातलं' सुरू होणार. ते चालता चालता थांबले. भावोजी माझ्याशी कधी मालवणीत बोलायचे नाहीत. मालवणी त्यांनी आईसाठी आणि भावासाठी राखून ठेवली होती. त्या दिवशी बोलले.

'माका काय कळना नाय, सुमन? कागद चुलीत घालूच्या लायकीचो होतो, ता माका पयल्याच दिवशी कळला. पण माजो भाव घरात बसलोहा. बायलेन आपल्या हुशारीन नोकरी मिळवल्यान असा सगळ्या बिल्डिंगीत झाला असता, तर तेका कसा वाटला असता? कागदान मिळाली म्हटल्यार कोणाचा काय जाता?'

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ते पुढे निघाले आणि मी त्यांच्या मागून. बिल्डिंगखालच्या बाकावर हे दोन-चार शेजाऱ्यांबरोबर बसले होते. संप सुरू झाल्यापासून हे पहिल्यांदा खाली उतरून चार माणसांत बसले होते, आणि त्यांतल्या एकाला सांगत होते, 'आमच्या दादाने काय झकास कागद करून घेतला, म्हाईत आहे?' मी भाजीची पिशवी घेऊन गुपचूप वर गेले. घरी आल्यावर मात्र मोरीत तोंड धुवायचं निमित्त करून पोटभर रडले.

नंतर ह्यांनाही ठाण्याला एका कारखान्यात काम मिळालं. खोली सुटली नाही, लेक मुलुंडातच शिकली. भावोजी शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले आणि शेवटपर्यंत त्यांनी मला छळलं. गॅसचा सिलिंडर बदलायला माणूस, पंख्यावरची धूळ पुसायला माणूस, लेकीच्या लग्नात आहेराची पाकिटं चिकटवायलासुद्धा माणूस. त्या सगळ्या माणसांनी केलेल्या घाणी मी निस्तरल्या. तोंडाने शिव्या दिल्या नाहीत असा एक दिवस गेला नसेल.

मी रिटायर झाले तेव्हा कारखान्याने निरोपाचा कार्यक्रम केला. मॅनेजर नवे होते, त्यांना जुनं काही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या हातात माइक देऊन विचारलं, 'मॅडम, त्या काळात तुम्ही ह्या नोकरीत आलात कशा?' पहिल्या रांगेत हे बसले होते, शेजारी भावोजी, दोघंही इस्त्रीचे कपडे घालून. मी माइक तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, 'माझ्या दिरांनी घाटकोपरच्या एका प्रोफेशनल माणसाकडून बायोडाटा करून घेतला होता. त्या कागदावर लागले.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी पलीकडच्या माणसाला कोपराने ढोसून भावोजींकडे बोट दाखवलं. भावोजींनी मान खाली घातली होती.

घरी येताना रिक्षात ते माझ्या शेजारी बसले होते. हे हार मांडीवर घेऊन डुलकी काढत होते. मुलुंड आल्यावर भावोजी हळूच म्हणाले, 'बरा बोललंस गो.' बस, तेवढंच.

त्यानंतर वर्षभराने भावोजी गेले. हे गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले. आजही कुणी विचारलं तर नोकरी कागदामुळे लागली असंच माझ्या तोंडून निघतं. खरं काय ते आता सांगितलं, कारण ते ऐकून ज्यांना वाईट वाटलं असतं ते गॅलरीत बसलेले नाहीत.